ऊब पुढच्या आवृत्तीत

ऊब चौथ्यांदा पुढे ढकलली गेली, त्या दिवशी चंद्रपुरात शेहेचाळीस अंश होते. प्रफुल भोयर कोळसा डेपोच्या वजनकाट्यावरून साडेअकरालाच घरी आला होता. एप्रिल ते जून दुपारी बारा ते पाच शहर बंद ठेवायचा नियम होऊन आता सहा वर्षं झाली होती. दुपारबंदीचा भोंगा वाजायच्या आत ट्रक जिथल्या तिथे उभे राहायचे, दुकानांची शटरं खाली यायची आणि माणसं आपापल्या कूलरसमोर जाऊन पडायची. प्रफुलने हातपाय धुतले, बाबांच्या खोलीत डोकावून पाहिलं, दहीभात खाता खाता फोन उघडला आणि कंपनीचं निवेदन वाचलं.

'मित्रहो, तुमच्या संयमाबद्दल आभार. शेकोटीची ऊब आम्हाला हवी तशी अजून साधलेली नाही. कच्ची ऊब देण्यापेक्षा थोडं थांबलेलं बरं, असं आम्हाला वाटतं. ऊब पुढच्या आवृत्तीत नक्की.'

त्याने ते दोनदा वाचलं. आपल्याला वाईट वाटेल असा त्याचा अंदाज होता. तसं काही झालं नाही. त्याने ताटली विसळून ठेवली, चार्जिंगला लावलेला गळपट्टा काढला, आणि रोजच्यासारखा बर्फात गेला.

प्रफुलला सर्व्हायव्हल गेमचा नाद कॉलेजपासून होता. एखाद्या बेटावर नाहीतर जंगलात रिकाम्या हाताने जाऊन पडायचं, पाणी शोधायचं, लाकूड तोडायचं, चार भिंती उभ्या करायच्या आणि उद्याची सकाळ बघायची. असले खेळ बहुतेक वेळा अर्धे झाले की विकायलाच येत. 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणत त्याला. पैसे आत्ता द्या, खेळायला आत्ता लागा, उरलेलं आम्ही तुमच्या डोळ्यांदेखत बांधत जाऊ. प्रफुलच्या खात्यावर असे अकरा खेळ पडून होते. एकात नदी ओलांडता येत नसे, कारण पलीकडचा काठ कुणी बनवलाच नव्हता. एकात मेलेली हरणं हवेत तरंगत राहत. एकात एक बाई झोपडीच्या दारात उभी असे, तिचे ओठ हलत, पण आवाज नसे. संवाद पुढच्या वर्षी येणार होते. ते वर्ष येऊन जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दर वेळी तो ठरवायचा की आता पूर्ण झाल्याशिवाय घ्यायचं नाही. मग कुठली तरी नवी कंपनी 'काय काय येणार आहे' याची एक लांबलचक यादी टाकायची, आणि त्याचा जीव त्या यादीत अडकायचा.

"तुला खेळ नको असतो," त्याची बायको मीनल एकदा म्हणाली होती, "तुला ती यादी पाहिजे असते." तेव्हा ती हसून म्हणाली होती.

'उणे चाळीस' मात्र वेगळा निघाला. हैदराबादच्या कुठल्याशा लहान कंपनीने तो बनवला होता. त्याच्यासोबत डोळ्यांवर लावायचा चष्मा, एक मऊ गळपट्टा आणि दोन मनगटपट्टे येत. आपल्या कातडीत थंडीची बातमी देणारे मज्जातंतू वेगळे असतात आणि उबेची बातमी देणारे वेगळे. बातमी म्हणजे विजेची अगदी बारीक स्पंदनं. मेंदूला खरं तापमान कधीच दिसत नाही, त्याला फक्त ही स्पंदनं पोचतात आणि त्यावरून तो ठरवतो की थंडी आहे की उकाडा. कंपनीने थंडीच्या स्पंदनांची नक्कल साधली होती. गळ्याला आणि मनगटाला पट्टा लावला की बाहेर शेहेचाळीस अंश असोत, अंगावर शहारा यायचा आणि दात वाजायचे. प्रत्यक्षात अंग तसूभरही गार होत नसे. शरीराची फसगत फार वेळ चालू नये म्हणून चाळीस मिनिटांनी पट्टा आपोआप बंद व्हायचा आणि वीस मिनिटं विश्रांती घ्यावी लागायची.

उन्हाने भाजून निघालेल्या गावांत तो खेळ पाण्यासारखा विकला गेला. दुपारबंदीत अर्धं चंद्रपूर बर्फात असे.

उबेचे तंतू मात्र फार बारीक आणि संथ असतात. त्यांना बाहेरून नेमकं चाळवणं अवघड. म्हणून पहिल्या आवृत्तीत शेकोटी पेटायची, ज्वाळा दिसायच्या, लाकूड तडतडल्याचा आवाज यायचा, पण हात पुढे केले की काहीच लागत नसे. ऊब पुढे येणार होती. यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती.

पहिल्या उन्हाळ्यात प्रफुल आणि मीनल दोघं खेळले. त्यासाठी त्यांनी दुसरा संच घेतला. दोघं एकाच पॉलिटेक्निकचे, ओळख जुनी, म्हणून घरात अरेतुरेच होतं. पण बोलणं असं फार उरलं नव्हतं. मूल व्हावं म्हणून सहा वर्षं नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या होत्या. मग एका वर्षी त्या थांबल्या. थांबायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, पुढची तारीख कुणी घेतली नाही इतकंच. त्यावर दोघं कधी एक अक्षर बोलले नव्हते.

ते बोलले बर्फात. गोठलेल्या तळ्याच्या काठी त्यांनी ओंडक्यांची एक खोली बांधली होती. तिच्यात थंड शेकोटीसमोर बसून, दात वाजत असताना, मीनल म्हणाली, "मी शेवटच्या वेळी डॉक्टरांना फोनच केला नाही. तुला सांगितलं होतं केला म्हणून."

"मला माहीत होतं," प्रफुल म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"मलाही नव्हतं जायचं."

त्यानंतर ती बराच वेळ त्याच्या खांद्याला टेकून बसली. पट्टे बंद झाल्यावर दोघांनी चष्मे काढले. कूलर घरघरत होता, आणि दोघांच्याही लक्षात आलं की प्रत्यक्षात ते पलंगाच्या दोन टोकांना बसले आहेत. त्या उन्हाळ्यात ते रोज दुपारी गेले. ऊब आली की तळ्याच्या पलीकडच्या डोंगरावर दुसरं घर बांधायचं, असं ठरलं होतं.

दिवाळीत ऊब यायची होती. ती संक्रांतीवर गेली. मग होळीवर. होळीच्या निवेदनानंतर मीनलने आपला पट्टा खोक्यात घालून कपाटावर टाकला.

"आता आलीच तर सांग," ती म्हणाली. "मला त्या शेकोटीसमोर बसवत नाही रे. नागपूरच्या बाकड्यावर बसल्यासारखं होतं."

"एवढं बांधलंय आपण. सोडून द्यायचं?"

"मी सोडलं. तू बघ तुझं."

प्रफुल एकटा जात राहिला. तिथे फारसं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो लाकूड तोडायचा, शेकोटी पेटवायचा, तिच्यासमोर हात पसरून बसायचा. कशासाठी बसतो ते त्याला कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

बदल कधी झाला ते त्याला कळलं नाही. त्या वर्षी ऊन बाधत नाही एवढंच जाणवलं. वजनकाट्यावरचे बाकीचे लोक केबिनच्या बाहेर पडायला तयार नसत. हा डोक्याला रुमाल न बांधता ट्रकच्या ताडपत्र्या तपासत फिरायचा. "भोयर, तुमचं काय लोखंडाचं अंग आहे का बाप्पा," असं ड्रायव्हर विचारायचे, आणि त्याला ते आवडायचं. टाकीचं पाणी दुपारी चटके देई, तो त्याच पाण्याने अंघोळ करून यायचा. चहा तो गॅसवरून उतरवल्या उतरवल्या प्यायला लागला. जीभ पोळली की दुखायची, पण चहा गरम म्हणून लागायचा नाही. मीनलने एकदा झोपेत त्याच्या छातीवर हात टाकला. हात आहे एवढं त्याला कळलं. तो कोमट की गार, ते काही त्याला समजलं नाही. असतं असं, म्हणून त्याने कूस बदलली.

चौथ्या निवेदनानंतर कंपनी बोलायची बंद झाली. खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर आधी शिव्या आल्या, मग विनवण्या, मग कुणीच काही लिहीनासं झालं. मेच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ आली: 'काम तूर्त थांबवण्यात येत आहे.' प्रफुलने ती काट्यावर, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात वाचली. मग त्याने पुढच्या ट्रकचं वजन घेतलं.

मेच्या अठरा तारखेला मीनलला दुपारबंदीतही ड्युटी होती. ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची आणि उष्माघाताचे नमुने दिवसरात्र येत होते. घरी प्रफुल आणि बाबा दोघंच होते. बाबा, म्हणजे मारोतराव, चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत फिटर होते. आता बहात्तर वर्षांचे. गुडघे गेलेले, बाकी डोकं शाबूत.

साडेबाराला लाइन गेली. कूलर थांबला. प्रफुल चष्मापट्टा न लावता बाबांच्या खोलीतच खुर्चीवर बसून होता. हे पुढे त्याने सगळ्यांना सांगितलं, मी खेळत नव्हतो, तिथेच बसलो होतो. आणि ते खरं होतं.

"प्रफुल, लय गरम होऊन राहिलं," बाबा म्हणाले.

"येईल लाइन आता."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "खिडकी उघडतं का?"

त्याने खिडकी उघडली. वरचा मजला, वर उघडी गच्ची. बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली. त्याला ती नुसती हवा लागली. पडदा हलताना दिसला, तेव्हा वाटलं, वारा आहे.

"बरं वाटतं ना आता?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुले गरम नाही वाटत?"

"नाही हो. इथंच तर बसलोय तुमच्याजवळ. ठीक आहे."

"मग मलेच वाटत असन," बाबा म्हणाले. "म्हातारपण." आणि त्यांनी डोळे मिटले.

पोराचा त्यांना भरवसा होता. प्रफुलचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तो त्याला ओला लागत होता, बाकी काही नाही. फोनवर उष्णतेचा इशारा वाजला. तो रोजच वाजायचा. प्रफुल खुर्चीवर बसून बाबा झोपलेले पाहत राहिला. त्यांचा चेहरा लाल होत गेला, मग कोरडा पडत गेला. शांत झोप लागली आहे, असं त्याला वाटलं.

मीनल साडेतीनला आली. दार उघडताच ती एक पाऊल मागे सरली.

"अरे, हे काय," ती म्हणाली. मग धावत आत गेली आणि बाबांच्या कपाळाला हात लावून तिने तो झटकन मागे घेतला. "प्रफुल, पाणी आण. बादली आण. ऊठ ना रे."

तो उठला. बादली भरताना त्याने नळाखाली हात धरला. पाणी ओलं होतं.

बाबा वाचले. अकरा दिवस ते उष्माघाताच्या वॉर्डात होते. मूत्रपिंडाला धक्का बसला होता, आणि बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले होते. तिसऱ्या दिवशी डॉ. वैरागडे नावाच्या बाईंनी प्रफुललाच तपासायला बसवलं. गरम आणि गार धातूच्या कांड्या त्याच्या हाताला लावल्या. गार त्याला दर वेळी ओळखू आलं. गरम एकदाही नाही.

"खेळता का, बर्फाचा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती?"

"सातशे तास झाले असतील."

बाईंनी लिहून घेतलं. "तुमची कातडी ठीक आहे. तंतू ठीक आहेत. म्हणून तर घाम येतो तुम्हाला. शरीर आपलं काम करतंय. मेंदूचं कसं असतं, तो आधी अंदाज बांधतो आणि मग बातमीशी ताडून बघतो. आग दिसली की ऊब येणार, हा त्याचा लहानपणापासूनचा अंदाज. तुम्ही त्याला सातशे तास आग दाखवली आणि ऊब काही आली नाही. शेवटी त्याने ती वाटच बंद केली. बातमी अजून निघते, पोचतेसुद्धा. ऐकणारा उठून गेलाय."

"परत येईल?"

"तुम्ही नववे आहात या महिन्यात माझ्याकडे. एका मुलीला थोडं यायला लागलंय. बाकीच्यांचं सांगता येत नाही."

बाईंनी त्याला घरी करायचा एक सराव लिहून दिला.

त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. अशा तक्रारी देशभरातून गेल्या होत्या. पत्र सभ्य होतं. उत्पादन अपूर्ण आहे हे मान्य करूनच आपण ते घेतलं होतं, आपण तशी खूण केल्याची नोंद आमच्याकडे आहे, आपल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे. मीनलने ते वाचून फोन टेबलावर आपटला. प्रफुल म्हणाला, "खूण केली होती मी." इतक्या सपाट आवाजात म्हणाला, की ती आतल्या खोलीत निघून गेली.

बाबांना न्यायला वर्षाताई भंडाऱ्याहून आली. ही त्याची मोठी बहीण. तिने भावाला एका शब्दानेही दोष दिला नाही. बाबांचे कपडे भरताना म्हणाली, "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या."

"ताई, मी बसलो होतो त्यांच्याजवळ."

"माहीत आहे रे." तिने चेन ओढून पिशवी बंद केली. "म्हणूनच नेते."

गाडीत बसताना बाबांनी प्रफुलचा हात धरला. शब्द शोधत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांना एक सापडला. "पंखा," ते म्हणाले. "लावत जाजो." प्रफुलने मान हलवली. गाडी वळेपर्यंत तो उन्हात उभा राहिला, आणि त्याला आत घेऊन जायला मीनलला बाहेर यावं लागलं. आता घरात भिंतीवर तापमापक होता, काट्यावरच्या केबिनमध्ये होता, त्याच्या मनगटावरही होता. अडतीसच्या पुढे गेलं की पाणी प्यायचं, चाळीसच्या पुढे सावलीत जायचं. तो आकड्यांवर चालायला शिकला.

सराव साधा होता. दोन कटोरे घ्यायचे, एकात गरम पाणी, एकात खोलीतलं. डोळे मिटून हात बुडवायचा आणि कुठलं गरम ते सांगायचं. रोज वीस वेळा. मीनल सकाळी कामाला जाण्याआधी जमिनीवर समोर बसून त्याच्याकडून करून घ्यायची आणि वहीत आकडा लिहायची. पहिल्या आठवड्यात अकरा, बारा आले. दुसऱ्या आठवड्यात चौदा. जूनच्या मध्याला सतरा आले. त्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि संध्याकाळी स्वतःहून श्रीखंड घेऊन आली. बऱ्याच दिवसांनी ती जेवताना बोलत होती.

रविवारी पुन्हा दोघं बसले. त्याने डोळे मिटले, हात बुडवला.

"गरम," तो म्हणाला.

"बरोबर."

दुसऱ्यात बुडवला. "हे नाही."

"बरोबर."

मग तो थांबला. हात पाण्यातच होता.

"मीनल, मला काही कळत नाहीये."

"आत्ता तर दोन बरोबर आले."

"तू गरम कटोरा दोन बोटांनी, काठाला धरून ठेवतेस. तसा वेगळा आवाज होतो. आणि मी हात घातला की श्वास रोखतेस."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. आधी आपोआप व्हायचं. मग मी मुद्दाम ऐकायला लागलो."

"सांगितलं का नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं."

मीनलने वही बंद केली. "म्हणजे तूही मला तारखाच देत होतास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "संक्रांतीला, होळीला. आज चौदा, उद्या सतरा."

प्रफुलने डोळे उघडले. ती रडत नव्हती. समोर नुसती बसली होती, मांडीवर वही, केस अजून ओले. आपल्याला काहीतरी वाटायला हवं हे त्याला कळत होतं. काय वाटायला हवं तेही जवळजवळ कळत होतं, एखादं नाव ओठांवर असावं तसं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "वाटते म्हणजे, वाटायला पाहिजे एवढं कळतं. बाबा म्हणाले गरम होतंय. दोनदा म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी माझं ऐकलं, मीनल. स्वतःचं अंग खोटं ठरवलं त्यांनी, माझ्या शब्दावर."

"हं."

"हे परत आलं नाही तर?"

"मला नाही माहीत." तिने पदराने कपाळ पुसलं. "पण आता खोटं नको. दहा आले तर दहा सांग. एकही कळलं नाही तर तसं सांग. मी वाट बघेन की नाही, ते माझं मला ठरवू दे."

"बरं."

मग ते बोलत बसले. बाबांना कुठला शब्द सापडतो आणि कुठला नाही, वर्षाताईच्या घरी वरच्या मजल्यावर पत्रा आहे की स्लॅब, काट्यावरची नोकरी ठेवायची की नाही. नागपूरच्या त्या शेवटच्या न केलेल्या फोनबद्दलही ती बोलली, आणि या वेळी ते आपल्याच घरात, जमिनीवर बसून. मध्येच लाइन गेली. भिंतीवरचा आकडा एकोणचाळीसवर गेला, तेव्हा मीनलने त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला. कुणालाही उठावंसं वाटलं नाही.

दीडेक तासाने तिला कटोऱ्यांची आठवण झाली. तिने एकात बोटं बुडवली, मग दुसऱ्यात. मग पुन्हा पहिल्यात.

"दोन्ही सारखंच झालंय," ती म्हणाली. "मलाही फरक कळत नाही."

प्रफुलने तिच्या हाताशेजारी आपला हात पाण्यात घातला.

"पुन्हा तापवून आणते," म्हणून ती उठू लागली.

"राहू दे," तो म्हणाला. "बस जरा."

ती बसली.